शैक्षणिक अभिलेख आणि तृतीयपंथी नागरिक
लिंग व नाव यांतील बदलानंतर प्रमाणपत्रांची दुरुस्ती : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

शिक्षणाने माणसाच्या ठायी जी योग्यता निर्माण होते, तिची ओळख जगाला प्रमाणपत्रावरून पटते. गावातील शाळेचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची पदवी ही कागदपत्रे म्हणजे सामान्य कुटुंबातील मुलाची आयुष्यभराची कमाई असते. शेतजमीन थोडी, उद्योगधंदे मोजके आणि पाऊस बेभरवशाचा अशा मराठवाड्यात या कागदांचे मोल अधिकच आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडमध्ये १९५० साली पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे लातूरच्या महाविद्यालयांनी अध्यापनाची स्वतःची पद्धत घडविली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. शिक्षणाच्या बळावर पुढे येण्याची ही परंपरा या दोन्ही जिल्ह्यांत खोल रुजलेली आहे.

या परंपरेचा लाभ घेतलेल्या काही नागरिकांपुढे आज एक निराळाच प्रश्न उभा आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, गुण मिळाले, पदवीही हाती आली. परंतु त्यानंतर व्यक्तीची लिंगविषयक नोंद बदलली आणि तिच्याबरोबर नावही बदलले. आता प्रमाणपत्रावरील नाव व लिंग एक आणि समोर उभी असलेली व्यक्ती दुसरी, असे चित्र निर्माण होते. प्रमाणपत्र खरे असते, व्यक्तीही खरी असते. पण दोहोंचा मेळ बसत नाही, म्हणून नोकरी, प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हातची जाते.

२०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय प्रथमच देण्यात आला. त्या पर्यायाखाली देशात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची. या गटातील साक्षरतेचे देशभरातील प्रमाण ५६.०७ टक्के होते, म्हणजे सर्वसाधारण प्रमाणापेक्षा बरेच कमी. घरातून व शाळेतून तुटण्याचे प्रसंग ज्यांच्या वाट्याला अधिक येतात, अशा समाजघटकातील जे थोडे लोक पदवीपर्यंत पोहोचतात, त्यांची पदवी केवळ नोंदीच्या अडचणीमुळे निरुपयोगी ठरू नये, हे पाहणे शासनयंत्रणेचे कर्तव्य ठरते.

अभिलेखांची साखळी

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. किनवट तालुक्यातील एका व्यक्तीचे प्राथमिक शिक्षण गावच्या जिल्हा परिषद शाळेत झाले. दहावी तालुक्याच्या ठिकाणी झाली, बारावी अहमदपूरला आणि पदवी लातूरच्या महाविद्यालयात. या व्यक्तीचा शैक्षणिक अभिलेख एके ठिकाणी नसतो. गावच्या शाळेत सर्वसाधारण नोंदवही असते, म्हणजे ज्याला सर्वजण ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात ते. माध्यमिक शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात अशाच स्वतंत्र नोंदवह्या असतात. दहावी व बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या लातूर विभागीय मंडळाकडे असतात. लातूरबरोबर नांदेड व धाराशिव हे जिल्हेही त्याच मंडळाच्या कार्यक्षेत्रात आहेत. पदवी मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची असते. म्हणजे शिक्षण लातूरला झाले तरी पदवीच्या दुरुस्तीसाठी नांदेड गाठावे लागते आणि शाळा नांदेड जिल्ह्यात असली तरी दहावीच्या प्रमाणपत्रासाठी लातूर गाठावे लागते.

ही साखळी एरवी उपयुक्तच आहे. मंडळ शाळेच्या नोंदीवर विसंबते आणि विद्यापीठ मंडळाच्या नोंदीवर, त्यामुळे खोट्या नोंदींना आळा बसतो. परंतु लिंग व नाव बदललेली व्यक्ती अर्ज घेऊन आली, की हीच साखळी तिच्या पायातील बेडी होते. विद्यापीठाने म्हणावे, आधी मंडळाचे प्रमाणपत्र बदलून आणा. मंडळाने म्हणावे, आधी शाळेचा दाखला आणा. शाळेने म्हणावे, विद्यार्थी केव्हाच शाळा सोडून गेला, आता आमच्या हाती काही नाही. प्रत्येकाचे उत्तर आपल्यापुरते नियमाला धरून असते. पण सर्व उत्तरे एकत्र केली, की अर्जदाराला कोणतेच दार उघडे राहत नाही. किनवटहून नांदेड आणि नांदेडहून लातूर अशा फेऱ्यांत मजुरीचे दिवस जातात आणि तेवढ्यात भरतीची मुदत संपते.

कायद्याची वाटचाल

या विषयाचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी घातला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगविषयक ओळखीला कायदेशीर मान्यता देण्याचे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले. त्यानंतर संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा अधिनियम २०१९ साली संमत केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याखालील नियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अर्जदाराला कार्यालयात न जाताही अर्ज करता यावा, यासाठी २५ नोव्हेंबर २०२० रोजी राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू करण्यात आले.

शैक्षणिक अभिलेखांच्या दृष्टीने या अधिनियमातील व नियमांतील पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ओळख प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले. त्या प्रमाणपत्राप्रमाणे सर्व अधिकृत कागदपत्रांत लिंगाची नोंद करावी, असे अधिनियमाने ठरविले. प्रमाणपत्रधारकास जन्मदाखल्यात व ओळखीच्या इतर कागदपत्रांत आपले पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क दिला. २०२० च्या नियमांना जोडलेल्या अधिकृत कागदपत्रांच्या यादीत शाळा, मंडळ, महाविद्यालय व विद्यापीठ यांनी दिलेल्या शैक्षणिक प्रमाणपत्रांचा स्पष्ट समावेश करण्यात आला. असा अर्ज आल्यावर संबंधित प्राधिकरणाने पंधरा दिवसांत बदल करावा, आणि बदललेल्या कागदपत्राचा क्रमांक मूळ कागदपत्राचाच ठेवावा, असेही नियमांनी सांगितले.

ओळख प्रमाणपत्र कोणत्या निकषांवर व कोणत्या पद्धतीने द्यावे, हा भाग कायद्यातील सुधारणांनुसार बदलू शकतो. त्यासाठी अर्जाच्या दिवशी लागू असलेली तरतूदच पाहिली पाहिजे. शाळेचे, मंडळाचे व विद्यापीठाचे काम मात्र त्याच्या पुढचे आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिले, की ते योग्य आहे किंवा नाही याचा फेरविचार मुख्याध्यापकाने अथवा परीक्षा विभागातील लिपिकाने करावयाचा नसतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांनी दिल्यावर शाळा जशी पुन्हा घरी जाऊन उत्पन्न मोजत नाही, तसेच हेही आहे. प्रमाणपत्र खरे आहे एवढे पडताळावे आणि नोंद करावी. अर्जदारास शरीराविषयी किंवा उपचारांविषयी प्रश्न विचारण्याचे शाळेला किंवा विद्यापीठाला कारण नाही.

‘शाळा सोडल्यानंतर बदल नाही’

मुख्याध्यापकांना सर्वांत मोठी अडचण वाटते ती माध्यमिक शाळा संहितेची. नाव, आडनाव, जात किंवा जन्मतारीख यांतील बदलांविषयीचे नियम २६.३ व २६.४ सर्वांच्या परिचयाचे आहेत. विद्यार्थी शाळेत असताना योग्य पुरावा व वरिष्ठांची मान्यता घेऊन बदल करता येतो आणि शाळा सोडल्यानंतर तसा बदल करता येत नाही, असा या नियमांचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. प्रवेशासाठी वय कमी-अधिक करणे, सवलतीसाठी जात बदलणे असे प्रकार थांबावेत, हा त्यामागील हेतू रास्तच होता.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये या नियमांचा विचार केला. नोंदीत उघड चूक असेल तर विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावरही ती दुरुस्त करता येते, असे पूर्णपीठाने स्पष्ट केले. म्हणजे ‘शाळा सोडली, आता काहीच नाही’ हे उत्तर सर्वसाधारण प्रकरणांतही पुरेसे ठरत नाही.

लिंगबदलाचे प्रकरण तर याहून वेगळे आहे. येथे जुनी नोंद चुकीची होती, असे अर्जदाराचे म्हणणे नसते. त्या वेळी शाळेने जे लिहिले, ते त्या वेळच्या माहितीवर लिहिले. पुढे कायद्याने मान्य केलेली नवी वस्तुस्थिती निर्माण झाली आणि तिची नोंद घेणे हे संसदेच्या अधिनियमाने बंधनकारक केले. चुकीची दुरुस्ती आणि नव्या कायदेशीर वस्तुस्थितीची नोंद या दोन भिन्न क्रिया होत. संहितेतील नियम पहिल्या क्रियेसाठी आहे. दुसऱ्या क्रियेला तो आडवा लावता येत नाही. हा भेद एकदा ध्यानात आला, की मुख्याध्यापकाच्या मनातील बरीचशी भीती नाहीशी होते.

आधीच्या कागदात बदल झाल्याशिवाय पुढच्या कागदात बदल नाही, ही हरकतही न्यायालयात टिकलेली नाही. मणिपूर उच्च न्यायालयापुढे २०२५ मध्ये एका तृतीयपंथी डॉक्टरचे प्रकरण आले. त्यात पहिल्या प्रमाणपत्रापासून क्रमाने बदल करीत यावे, अशी भूमिका मांडण्यात आली होती. न्यायालयाने ती न स्वीकारता ओळख प्रमाणपत्राच्या आधारे नवी शैक्षणिक प्रमाणपत्रे देण्याचे आदेश दिले. साखळीतील प्रत्येक कार्यालयाने ओळख प्रमाणपत्राकडे थेट पाहावे, शेजारच्या कार्यालयाच्या निर्णयाची वाट पाहू नये, असा त्याचा बोध आहे.

नोंद कशी करावी

शाळेच्या नोंदवहीत जुनी नोंद खोडू नये. तिच्यावर पांढरा रंग लावू नये आणि पानही बदलू नये. मूळ नोंद तशीच ठेवून शेऱ्याच्या रकान्यात नवे नाव, नवी लिंगनोंद, ओळख प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक लिहावा आणि मुख्याध्यापकाने दिनांकासह स्वाक्षरी करावी. मान्यतेचा पत्रव्यवहार करावयाचा असल्यास तो शाळेने स्वतः शिक्षणाधिकाऱ्यांशी करावा, अर्जदाराच्या हाती कागद देऊन त्याला फिरवू नये. नव्याने दिल्या जाणाऱ्या दाखल्यावर मात्र फक्त नवे नाव व नवी नोंद असावी. ‘पूर्वीचे नाव अमुक’ असा उल्लेख दाखल्यावर केला, तर नवा दाखला देऊनही व्यक्तीला प्रत्येक ठिकाणी आपला पूर्वेतिहास सांगावा लागतो आणि दुरुस्तीचा उद्देशच फसतो.

जुनी नोंद जपून ठेवण्यास आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. किनवट, माहूर या भागांत आदिवासी कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जाती, भटक्या जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची संख्याही मोठी आहे. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीत शाळेच्या नोंदवहीतील उताऱ्याला फार वजन असते. वडिलांची, आजोबांची, भावंडांची नोंद याच उताऱ्यांवरून जुळविली जाते. मूळ नोंदच नाहीशी झाली, तर त्या व्यक्तीचा व पुढे तिच्या नातलगांचाही पुरावा दुबळा होतो. म्हणून नोंदवहीत जुने व नवे दोन्ही आणि बाहेर जाणाऱ्या दाखल्यावर फक्त नवे, हे सूत्र पाळावे. अर्जदारानेही शैक्षणिक प्रमाणपत्रांबरोबरच जातीच्या प्रमाणपत्रातील नावाची दुरुस्ती करून घ्यावी, म्हणजे पडताळणीच्या वेळी खोळंबा होत नाही.

मंडळाच्या व विद्यापीठाच्या पातळीवर मूळ प्रमाणपत्र व गुणपत्रिका परत घेऊन नव्या द्याव्यात. बैठक क्रमांक, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, गुण व श्रेणी यांत कोणताही बदल होत नाही. जुनाच क्रमांक कायम राहत असल्यामुळे एका परीक्षेची दोन प्रमाणपत्रे वापरात येण्याची भीतीही राहत नाही.

नावातील बारकावे

मराठीत लिंगाची खूण केवळ लिंगाच्या रकान्यात नसते, ती वाक्यावाक्यात असते. ‘चि.’ व ‘कु.’, ‘विद्यार्थी’ व ‘विद्यार्थिनी’, ‘त्याची वर्तणूक’ व ‘तिची वर्तणूक’ अशी कितीतरी रूपे दाखल्यात व चारित्र्य प्रमाणपत्रात छापलेली असतात. रकान्यात बदल केला आणि खालच्या ओळीत जुनेच रूप राहिले, तर कागदात विसंगती निर्माण होते. म्हणून दाखला देताना संपूर्ण मजकूर वाचून पाहावा.

दुसरा बारकावा रोमन लिपीतील अक्षरांचा. मंडळाच्या व विद्यापीठाच्या कागदपत्रांवर नाव रोमन लिपीतही असते. ‘दीपा’ हे नाव रोमन लिपीत एक ‘आय’ घालून लिहिले जाते, तसेच दोन ‘ई’ घालूनही. ओळख प्रमाणपत्रात एक रूप, आधारपत्रावर दुसरे व पदवीवर तिसरे असे झाले, तर मूळ प्रश्न सुटूनही नवा प्रश्न उभा राहतो. नव्या नावाची दोन्ही लिपींतील अक्षरे अर्जदाराने प्रथमच निश्चित करावीत आणि सर्व अर्जांत तीच लिहावीत.

तिसरा बारकावा वडिलांच्या नावाचा व आडनावाचा. अधिनियमातील हक्क पहिल्या नावापुरता आहे. आडनाव किंवा मधले नाव बदलावयाचे असल्यास त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करण्याचा नेहमीचा मार्ग आहे. राजपत्रातील सूचना ही नावबदलाची जाहीर घोषणा असते. तिच्यामुळे लिंगाची नोंद बदलत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्रच लागते. या दोन कागदांची गल्लत अनेकदा केली जाते.

शाळेचे नाव बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कन्या प्रशालेतून दहावी उत्तीर्ण झालेली व्यक्ती आज पुरुष म्हणून नोंदली गेली असेल, तर तिच्या दाखल्यावर कन्या प्रशालेचेच नाव राहणार. कागदपत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने एवढ्यावरून शंका घेऊ नये.

विवाहानंतरचे नाव आणि हा बदल

येथे एक आक्षेप सहज घेतला जातो. विवाहानंतर स्त्रियांचे नाव व आडनाव बदलते, पण पदवी माहेरच्याच नावाने राहते आणि विवाहाचा दाखला किंवा राजपत्र जोडून काम भागते. मग येथे नवे प्रमाणपत्र कशासाठी? जुन्या प्रमाणपत्राबरोबर ओळख प्रमाणपत्र जोडले म्हणजे पुरे नाही काय?

आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु दोन्ही प्रसंगांत मोठा फरक आहे. विवाहाचा दाखला दाखविताना कोणाची मान खाली जात नाही. त्या बदलाला समाजाची संमती असते. लिंगबदल झालेल्या व्यक्तीला मात्र जुनी पदवी पुढे करताना दरवेळी, दर टेबलावर, रांगेतील इतरांच्या देखत आपल्या आयुष्यातील अत्यंत खाजगी गोष्ट उघड करावी लागते. कित्येकदा भरतीतील पात्रतेची चर्चा बाजूला राहून कुतूहलाचीच चर्चा सुरू होते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. पुरवणी कागद जोडण्याऐवजी मूळ कागदच बदलून देण्याची तरतूद या दृष्टीनेच पाहावयास हवी.

सेवेतील नोंदी

बदल केवळ शाळा-महाविद्यालयापुरता थांबत नाही. मराठवाड्यातीलच बीड जिल्ह्यातील पोलीस दलाचे प्रकरण वृत्तपत्रांतून राज्यभर गाजले. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. स्त्री व पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे असल्यामुळे प्रथम नकार मिळाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे शासनाने परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तो कर्मचारी पुरुष शिपाई म्हणून सेवेत परतला. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयासमोरील सुनावणीनंतर पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी स्वतंत्र पर्याय ठेवण्यास राज्य शासनाने मान्यता दिली. भरतीचे दार उघडल्यानंतर उमेदवाराची खरी कसोटी कागदपत्रांच्या तपासणीत लागते. दार उघडे आणि दाखला जुना, अशी स्थिती राहिली तर त्या निर्णयाचा लाभ पदरी पडत नाही.

संगणकीय नोंदी

पूर्वी पदवीचा कागद बदलला म्हणजे काम संपत असे. आता तसे नाही. शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या राष्ट्रीय भांडारातील पदव्या २०२० पासून डिजिलॉकरच्या माध्यमातून उपलब्ध होऊ लागल्या. नियोक्ते व इतर विद्यापीठे आता कागदाऐवजी संगणकावरील नोंद पडताळतात. उमेदवाराच्या हाती नवा कागद आणि संगणकावर जुने नाव, अशी स्थिती असल्यास अस्सल कागदच बनावट ठरण्याचा धोका असतो. म्हणून मंडळाने व विद्यापीठाने नवे प्रमाणपत्र देतानाच संगणकीय नोंद बदलावी आणि अर्जदारानेही ती स्वतः उघडून पाहावी. आधारपत्रातील नाव व लिंग यांचा बदल त्याआधी झालेला असणे सोयीचे असते, कारण बहुतेक संगणकीय नोंदी आधारशी जोडलेल्या आहेत.

यावरून अर्जदारासाठी एक व्यवहार्य क्रम सुचविता येतो. प्रथम जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र, नंतर आधारपत्र व आवश्यक असल्यास राजपत्र. त्यानंतर शाळा, विभागीय मंडळ व विद्यापीठ यांच्याकडे एकाच वेळी स्वतंत्र अर्ज. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी व तिच्यावर दिनांकाचा शिक्का असावा, कारण पंधरा दिवसांची गणना त्या दिवसापासून होते. हा क्रम सोयीसाठी आहे. एखादा टप्पा राहिला म्हणून पुढील कार्यालयाने अर्ज परत करू नये.

पंचायत, शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

ग्रामीण भागात या प्रवासाची सुरुवात ग्रामपंचायतीपासून होते. जन्माची नोंद तेथे असते आणि रहिवासाचा दाखलाही तेथूनच लागतो. असा अर्ज आल्यावर तो चावडीवर चर्चेचा विषय होऊ न देणे, हे पंचायत सदस्यांचे पहिले कर्तव्य आहे. घरच्यांशी संबंध तुटलेल्या व्यक्तीला गावात येऊन कागद मागणे जड जाते. अशा वेळी सदस्याचा एक धीराचा शब्द पुष्कळ काम करतो.

शिक्षकांकडे दोन कामे येतात. माजी विद्यार्थी अर्ज घेऊन आला, तर त्याला किंवा तिला नव्या नावाने संबोधावे आणि जुनी नोंदवही कार्यालयात बसून शांतपणे पाहावी. वर्गात असा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याने शाळा सोडू नये म्हणून प्रयत्न करावा, कारण शाळाच सुटली तर पुढे दुरुस्त करावयास प्रमाणपत्रच उरणार नाही.

कार्यालयांनी या प्रकरणांसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा, असे २०१९ च्या अधिनियमाने सांगितले आहे. जुन्या व नव्या नावांचा मेळ दर्शविणारी नस्ती कुलपात ठेवावी आणि ती कोणी पाहावी हे लेखी ठरवावे. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी सहायक आयुक्त, समाज कल्याण यांचे कार्यालय व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अर्ज अडल्यास त्यांचे मार्गदर्शन घेता येते. राज्यात तृतीयपंथीयांच्या हक्कांचे संरक्षण व कल्याण यांसाठी २०२० मध्ये मंडळ स्थापन झाले आणि २०२४ मध्ये राज्याचे तृतीयपंथी धोरण मंजूर झाले. धोरण मुंबईत ठरते. पण ते खरे होते ते किनवटच्या शाळेतील नोंदवहीच्या पानावर.

नाव बदलते, योग्यता राहते

नावबदल मराठवाड्याला नवा नाही. औरंगाबाद येथे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेडचे विद्यापीठ स्वतंत्र झाले. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले व उस्मानाबादचे धाराशिव झाले. या सर्व बदलांत कोणाची पदवी बुडाली नाही, कोणाचा सातबारा रद्द झाला नाही आणि कोणाचे निवृत्तिवेतन थांबले नाही. प्रशासनाने जुन्या व नव्या नावांची सांगड घातली आणि काम पुढे चालू ठेवले.

जी सोय विद्यापीठाला व जिल्ह्याला मिळाली, तीच एका नागरिकाला मिळावी, एवढीच ही मागणी आहे. उत्तरपत्रिका ज्या हाताने लिहिली, तो हात तोच आहे. रात्री जागून केलेला अभ्यास तोच आहे आणि मिळालेले गुणही तेच आहेत. पंधरा दिवसांचे कार्यालयीन काम वेळेत झाले, तर त्या गुणांचे मोल आयुष्यभर टिकते. ते झाले नाही, तर बारा-पंधरा वर्षांचे शिक्षण एका जुन्या नावाखाली पडून राहते. नोंदवही उघडून शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने, लिपिकाने व अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की त्या दोन ओळींवर एका माणसाची भाकरी अवलंबून आहे.